समांतर पार्किंग म्हणजे नक्की कशाला समांतर?

शिकाऊ_पाटी
नमस्कार मंडळी. गाडी शिकायला लागून तीन आठवडे झालेत. काल शिकवणारे काका म्हणाले, "हं, आता पॅरलल लावून दाखवा." समोर चार गाड्या भिंतीकडे तोंड करून, एकमेकींना खेटून उभ्या होत्या आणि मधोमध एक जागा रिकामी होती. मी झोकात आत शिरले. दोन्ही शेजारणींपासून सारखंच अंतर, तिघी अगदी समांतर. स्वतःवर खूश होऊन काकांकडे पाहिलं, तर त्यांनी कपाळाला हात लावलेला. म्हणे, "ही कुठली पॅरलल? पॅरलल ती, तिकडे कडेला."

तिकडे कडेला पाहिलं तर गाड्या एकीमागे एक, एकाच रेघेत. शाळेत शिकवल्याप्रमाणे कितीही वाढवल्या तरी न छेदणाऱ्या त्या समांतर रेषा. मग माझी गाडी समांतर, आणि त्या कडेच्या गाड्या फार तर एकरेषीय! नाव उलटंसुलटं पडलंय का, की मीच काही समजून घेत नाहीये?

हवालदिल
काकांना भूमितीचा पेपर तपासायला द्या. पाठिंबा.

मागचा_आरसा
शिकाऊताई, गोंधळ रास्त आहे, पण उत्तर दोन शब्दांत संपतं: कडेला समांतर. शेजारच्या गाडीचा इथे काहीच संबंध नाही. रस्त्याची कड, म्हणजे फुटपाथची जी दगडी किनार असते ती, आणि वाहतूक ज्या दिशेने चालते ती दिशा, यांना गाडी समांतर असली की समांतर पार्किंग. कडेशी काटकोन केला की काटकोनी, आणि ४५ किंवा ६० अंशांत लावली की तिरकं. शेजारी एकही गाडी नसली, अख्खा रस्ता मोकळा असला, तरी कडेला लांबीने लावलेली गाडी समांतरच. तुम्ही लावलीत ती काटकोनी.

शिकाऊ_पाटी
अच्छा, म्हणजे माझी रेषा बरोबर होती, संदर्भरेषा चुकली.

काटकोन
माझं नाव निघालं म्हणून आलो. :)

आरसा म्हणतात ते बरोबर. समांतर हा एकट्याचा गुण नसतो, कशाला समांतर ते सांगावंच लागतं. रस्त्यावर ते सांगायची गरज पडत नाही, कारण कड तिथे कायमची आहे आणि गाड्या येणाऱ्या-जाणाऱ्या. नाव कायमच्या वस्तूवरून पडलं.

आता हे असे प्रकार का पडले, तर सगळा जागेचा हिशोब. समांतर लावायला एका गाडीमागे कडेची साधारण ६ मीटर लांबी लागते, कारण पुढे-मागे हलायलाही जागा हवी. काटकोनात तीच गाडी कडेची फक्त अडीच मीटर खाते. ६० मीटरच्या कडेला समांतर १० गाड्या, काटकोनी २४. मग सगळीकडे काटकोनीच का नको? कारण काटकोनी गाडी रस्त्यात ५ मीटर घुसते, आणि तिला आत-बाहेर करायला आणखी ६ मीटरच्या आसपास मोकळी रुंदी लागते. समांतर गाडी रस्त्याची दोन-सव्वादोन मीटर रुंदी घेऊन गप्प बसते. त्यामुळे अरुंद रस्त्याला समांतर आणि मोकळ्या आवाराला काटकोनी. तिरकं हा मधला समझोता. आत शिरायला सगळ्यात सोपं, पण मधे मधे त्रिकोणी तुकडे वाया जातात.

चौथा_गिअर
आमच्याकडे एवढी भूमिती नाही. "उभी लाव" आणि "आडवी लाव", संपला विषय.

शब्दकिडा
चौथा_गिअर, विषय संपला नाही, तिथेच तर सुरू होतो. "उभी लाव" म्हणजे नक्की कशी? रस्त्याच्या लांबीने, की भिंतीकडे तोंड करून? मी घरातल्या तिघांना वेगवेगळं विचारलं. दोघांनी एक उत्तर दिलं, तिसऱ्याने बरोबर उलटं. शिवाय "गाडी उभी केली" याचा अर्थ नुसतं थांबवली एवढाही होतो. आणि "आडवी लावली" म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर वाट अडवून ठेवलेली गाडीच येते. मांजर आडवं जातं तशी गाडी आडवी लागते. त्यामुळे समांतर आणि काटकोनी हे शब्द कितीही पुस्तकी वाटले तरी त्यांनी भांडणं होत नाहीत.

पांथस्थ
+१. "उभी लावा म्हटलं होतं ना" यावरून झालेलं भांडण प्रत्यक्ष पाहिलंय. दोघंही बरोबर होते.

शिकाऊ_पाटी
शब्दकिडा, तुम्ही आलाच आहात तर, पार्किंग हा शब्द आला कुठून? पार्क म्हणजे बाग. बागेचा आणि गाडी लावण्याचा काय संबंध?

शब्दकिडा
कळ फिरवलीत, आता ऐका.

पार्क म्हणजे मुळात बाग नव्हे, कुंपण. जुन्या फ्रेंचमध्ये पार्क म्हणजे कुंपण घालून राखलेली जमीन. इंग्लंडात राजाच्या परवानगीने हरणं राखायला, शिकारीसाठी असे पार्क ठेवत. बागडायला बाग हा अर्थ नंतरचा. मधे एक वळण आलं ते लष्करी. सैन्याचा मुक्काम पडला की तोफा, दारूगोळ्याचे गाडे आणि रसदीच्या गाड्या एका राखीव जागेत ओळीने मांडून ठेवायचे. त्या जागेला तोफखान्याचा पार्क म्हणू लागले. १९व्या शतकाच्या सुरुवातीला याच वापरातून क्रियापद तयार झालं, की गाडे पार्क करणे. पुढे ते घोडागाड्यांना लागलं आणि मग मोटारींना. म्हणजे मूळ अर्थ "थांबवणे" असा नाहीच. हुकूम होताच निघता येईल अशा बेताने, राखीव जागेत, शिस्तीने मांडून ठेवणे, असा आहे.

आता मजा पाहा. आपल्याकडे पार्किंगच्या जागेला वाहनतळ म्हणतात. हा शब्द ज्याने घडवला त्याने विमानतळावरून घेतला असणार असं मला वाटतं. पण "तळ" म्हणजे काय? सैन्याचा तळ! तळ पडतो, तळ ठोकतात, तळ हलवतात. त्यांचा शब्द लष्कराच्या मुक्कामातून आला आणि आपण प्रतिशब्द घडवला तोही लष्कराच्या मुक्कामाचाच. ठरवून कुणी केलं असेल असं वाटत नाही, म्हणून जास्तच आवडतं. सरकारी प्रतिशब्दांची टिंगल करताना मी नेहमी पुढे असतो, पण वाहनतळासमोर टोपी काढली आहे.

भाषांतर_हमाल
शब्दकिडा, दंडवत. यात माझी एक भर.

फ्रेंच लोक आजही हे लष्कर सोडायला तयार नाहीत. समांतर पार्किंग करणे याला ते म्हणतात "क्रेनो करणे". क्रेनो म्हणजे किल्ल्याच्या तटावर दोन चऱ्यांच्या मधे सोडलेली खाच, जिच्यातून बाण मारायचे. दोन गाड्यांमधली फट त्यांना तटावरची खाच दिसते! काटकोनी पार्किंगला "आं बाताय" म्हणतात, म्हणजे लढाईच्या पवित्र्यात, शत्रूकडे तोंड करून खांद्याला खांदा लावून उभी असलेली रांग. शिकाऊताईंनी काल जे केलं ते फ्रेंचांच्या मते रणांगणावर उभं राहणं होतं. फक्त तिरक्या पार्किंगला त्यांनी लढाईतून वगळलंय. त्याला "आं एपी", म्हणजे कणसासारखं. कणसाच्या दांड्याला दाणे तिरके लागलेले असतात ना, तसं.

अनुवाद करताना मी एकदा "क्रेनो"चं "खाचेत घुसणे" करून मोकळा झालो होतो. वाक्य मोटारीबद्दल आहे हे दुसऱ्या दिवशी कळलं.

हवालदिल
कणसासारखं हे भारी आहे. मराठीत घ्या की, "कणीस पार्किंग".

मागचा_आरसा
घेतलं. तिरकं पेक्षा बरंच. "तिरकी लाव" म्हटलं की लोक मुद्दाम वाकडी लावतात.

वळणदार
अवांतर, पण शब्दकिडांना पूरक. अमेरिकेत वॉशिंग्टन शहराचे रस्ते आखले गेले तेव्हा प्रचंड रुंद आखले होते. एवढं सगळं फरसबंद कोण करणार? म्हणून १८७० साली कायदा झाला, त्याचं नावच पार्किंग कायदा. त्यात पार्किंग म्हणजे गाड्या लावणं नव्हे. रस्त्याच्या कडेची पट्टी मोकळी सोडून तिथे झाडं आणि हिरवळ लावायची, रस्त्याचा काही भाग पार्क करायचा, म्हणजे पार्कसारखा करायचा. अमेरिकेच्या काही भागांत फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधल्या गवताच्या पट्टीला अजूनही पार्किंग म्हणतात. तिथे "पार्किंगवर गाडी लावू नये" हे वाक्य बरोबर ठरू शकतं.

आणि सूड पाहा. २००५ साली सान फ्रान्सिस्कोत काही कलाकारांनी पार्किंगच्या मीटरमध्ये नाणी टाकून गाडीपुरती जागा दोन तासांसाठी भाड्याने घेतली आणि तिथे गाडी न लावता हिरवळ अंथरली, एक झाड आणि एक बाकडं ठेवलं. पैसे भरलेत, जागा आमची, पार्क केलाय! त्यातूनच दरवर्षीचा पार्किंग दिवस सुरू झाला. शब्द फिरून मूळ जागी आला.

शब्दकिडा
वळणदार, हे मला ठाऊक नव्हतं. १८७० मध्ये कडेला झाड म्हणजे पार्किंग, नंतर त्याच कडेला गाडी म्हणजे पार्किंग. लावणे हेच क्रियापद दोन्हीकडे चालतं हे लक्षात आलं का? झाड लावतो, गाडीही लावतो.

पांथस्थ
गाडी लावणे हा खरा मराठी शब्द. वाहनतळ ही जागा झाली, क्रिया नाही. आणि लावणे म्हटलं की आपोआप जागच्या जागी ठेवणं आलं. पुस्तकं लावतो, कपाट लावतो, तसं. शब्दकिडांच्या "शिस्तीने मांडून ठेवणे"च्या सगळ्यात जवळचा.

चौथा_गिअर
ठीक, पण "पार्क केली" म्हणणाऱ्यांना आता मराठीद्रोही ठरवू नका. पार्किंग हा शब्द मराठी झालाय. "पार्किंगला जागा नाही" याच्याइतकं मराठी वाक्य शोधून सापडणार नाही.

पांथस्थ
कोणी ठरवलं नाही. हलकं घ्या.

शिकाऊ_पाटी
धागा कुठल्या कुठे गेला, पण मजा येतेय. आता माझा कामाचा प्रश्न. समांतर लावताना उलटंच का जायचं? मी काल तोंडाने शिरायचा प्रयत्न केला. नाक कडेला लागलं आणि शेपूट रस्त्यावर. काकांनी दुसऱ्यांदा कपाळाला हात लावला.

मागचा_आरसा
कारण वळतात ती फक्त पुढची चाकं. मागची बिचारी नेतील तिकडे जातात आणि वळणावर नेहमी आतून, जवळच्या वाटेने जातात. तोंडाने शिरलात की पुढचा भाग कडेपाशी पोचतो, पण मागची चाकं आत सरकवायला तुमच्या हातात काहीच उरत नाही. उलट्याने आलात की आधी ती आडमुठी मागची चाकं फटीत नेऊन बसवता आणि मग नाक आत ओढून घेता. नाकाला सुकाणू आहे, त्यामुळे ते कधीही वळवता येतं. अवघड पाहुण्याला आधी बसवावं, घरचा माणूस कुठेही बसतो.

कृती अशी. पुढच्या गाडीच्या शेजारी, अर्धा ते एक मीटर सोडून, मागचे बंपर जुळतील अशी उभी राहा. मागे आणि खांद्यावरून एकदा नीट पाहून घ्या. चाक पूर्ण कडेकडे फिरवून सावकाश मागे. गाडी कडेशी ४५ अंशांच्या जवळ आली की चाक सरळ करा आणि तशीच मागे या. तुमचा पुढचा बंपर पुढच्या गाडीच्या मागच्या बंपरला पार करतोय असं दिसलं की चाक पूर्ण उलट बाजूला. नाक आत येईल. घाई फक्त एका ठिकाणी करायची, चाक फिरवताना. गाडी मुंगीच्या पावलाने.

बहुतेक नवशिके चाक उलट फिरवायला उशीर करतात आणि मागचं टायर कडेवर चढतं. पाहिलंत की समजा, ४५ पेक्षा जास्त वळली होती.

काटकोन
आरशांनी सांगितलं त्यामागचं यंत्रही छान आहे. वळताना आतलं आणि बाहेरचं पुढचं चाक सारख्या कोनात वळून चालत नाही. आतल्याला लहान वर्तुळ कापायचं असतं, म्हणून ते जास्त वळावं लागतं. त्याची जोडणी म्युनिकच्या लांकेनस्पेर्गर नावाच्या गाडी बनवणाऱ्याने शोधली आणि १८१८ मध्ये अकरमान याने त्याच्या वतीने इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं. नाव लागलं अकरमानचं. घोडागाडीसाठी होतं ते! त्या जोडणीमुळे चारही चाकं एकाच केंद्राभोवती फिरतात आणि ते केंद्र नेहमी मागच्या आसाच्या रेषेवर पडतं. मागची चाकं आडमुठी का, तर म्हणून.

गाडी कडेच्या दिशेने थेट बाजूला सरकू शकत नाही, आणि तरी बाजूला सरकवता येते. यावर गणितज्ञांनी बराच घाम गाळलाय. एडवर्ड नेल्सन या गणितज्ञाने १९६७ मध्ये हे फार नेटकं मांडलं. तुमच्याकडे दोनच हालचाली आहेत, चाक फिरवणं आणि गाडी पुढे-मागे करणं. पण चाक वळव, पुढे जा, चाक परत फिरव, मागे ये, असं केलं की सुरुवातीच्या जागी न येता तुम्ही किंचित वेगळीकडे पोचता. क्रम बदलला की उत्तर बदलतं, आणि त्या फरकातूनच बाजूला सरकणं निघतं. म्हणून तत्त्वतः गाडीपेक्षा केसभर मोठी जागा असली तरी गाडी बसते. फक्त पुढे-मागे किती वेळा करावं लागेल ते विचारू नका.

एका झटक्यात बसवायची तर किती जागा हवी? त्याचं सूत्र सायमन ब्लॅकबर्न या लंडन विद्यापीठातल्या गणितज्ञाने २००९ मध्ये दिलं. त्याला चार मापं लागतात: वळण्याच्या वर्तुळाची त्रिज्या, दोन आसांमधलं अंतर, पुढच्या चाकाच्या मध्यापासून नाकापर्यंतचं अंतर आणि पुढच्या गाडीची रुंदी. मी एका मध्यम गाडीची मापं घालून पाहिली. त्रिज्या ५.२ मीटर, आसांमधलं अंतर २.५, नाक ०.८, शेजारणीची रुंदी १.७. उत्तर आलं १.५५. म्हणजे गाडीच्या लांबीहून सुमारे दीड मीटर जास्त. ४ मीटरच्या गाडीला साडेपाच मीटर. वर मी ६ मीटर म्हटलं होतं ते असं जुळतं, थोडी हाताची चूक धरून.

शिकाऊ_पाटी
हाताची चूक थोडी नाहीये हो माझी.

उंच_टाच
ज्यांना चूकच नको त्यांच्यासाठी लोकांनी काय काय केलंय. कॅलिफोर्नियातल्या ब्रूक्स वॉकरने डिकीत पाचवं चाक आडवं बसवलं होतं. तोंड आत घालायचं, मागे ते चाक खाली यायचं, गाडीचं शेपूट उचलायचं आणि बाजूला ढकलत आत न्यायचं. १९५० च्या दशकातली चलचित्रं आहेत त्याची. कंपन्यांनी काही घेतलं नाही, अर्धी डिकी चाकातच जायची. मग थेट २००३ मध्ये जपानात टोयोटाने प्रियसमध्ये स्वतःहून चाक फिरवणारी यंत्रणा विकायला काढली.

आळशी_ग्रह
आम्हा आकाशवाल्यांकडेही पार्किंग आहे. पार्किंग कक्षा.

चंद्राकडे निघालेलं यान बहुतेकदा थेट जात नाही, आधी पृथ्वीभोवतीच्या खालच्या कक्षेत थांबतं. अपोलो ११ साधारण १८५ किलोमीटर उंचीवर होतं. दीड फेऱ्या मारल्या, सगळी यंत्रं तपासली आणि उड्डाणानंतर पावणेतीन तासांच्या आसपास चंद्राच्या वाटेवर इंजिन पेटवलं. थांबण्याचा फायदा असा, की तपासायला वेळ मिळतो आणि निघण्याची वेळ जुळवून घेता येते. शब्दकिडांच्या व्याख्येत चपखल बसतं: हुकूम होताच निघता येईल अशा बेताने. फक्त हे "पार्क" केलेलं यान ताशी सुमारे २८,००० किलोमीटरने धावत असतं.

वेब अंतराळ दुर्बीणही अशीच सूर्य आणि पृथ्वीच्या दुसऱ्या लाग्रांज बिंदूच्या (दोघांच्या ओढीचा मेळ बसून वस्तू पृथ्वीबरोबरच फिरत राहते अशा जागेच्या) आसपास, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर "लावलेली" आहे. पृथ्वीबरोबर सूर्याभोवती फिरतेय, तरी आपल्या दृष्टीने जागच्या जागी. पुन्हा तेच, कशाच्या संदर्भात ते सांगा.

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे बाय द वे), अपोलो ११ निघालं १६ जुलै १९६९ ला. आणि जगातला पहिला पार्किंग मीटर ओक्लाहोमा सिटीत रस्त्यावर बसवला तो १६ जुलै १९३५ ला. तासाला ५ सेंट. कार्ल मगी नावाच्या वृत्तपत्रवाल्याची कल्पना.

हवालदिल
या धाग्यावर "रच्याकने" म्हणायचा मान तुम्ही पटकावलात. रस्त्याच्या कडेनेच सगळं चाललंय.

आणि अपोलोला पार्किंगचं भाडं किती पडलं?

उंच_टाच
मग मीही माझ्या धंद्यातलं सांगते. संगणकात प्रोग्रामचा थ्रेड पार्क करतात. काम नाही, पण मारायचाही नाही, म्हणून त्याला निजवून ठेवायचं आणि कुणीतरी हाक मारली की उठवायचं. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत त्यासाठी पार्क आणि अनपार्क अशीच नावं आहेत. थ्रेड म्हणजे धागा. थोडक्यात, संपादकांनी हा धागा पार्क करावा, बंद करू नये.

जुन्या हार्ड डिस्कचं वाचणारं टोकही पार्क करायचे. ते तबकडीला न टेकता अगदी केसाहून बारीक अंतरावर तरंगतं, म्हणून संगणक हलवण्याआधी आज्ञा देऊन ते कोपऱ्यात नेऊन ठेवावं लागे. विसरलात तर माहितीवर ओरखडा. आता ते आपसूक होतं. डोमेनही पार्क होतं, म्हणजे नाव घेऊन ठेवायचं आणि संकेतस्थळ नंतर कधीतरी. कार्यालयातल्या फोनमध्ये कॉल पार्क असतो. होल्डवर ठेवलेला कॉल त्याच फोनवर परत घेतात, पार्क केलेला कुठल्याही फोनवरून उचलता येतो.

चौथा_गिअर
पैसे पण पार्क करतात. मोठी रक्कम हातात आली, कुठे गुंतवायची ते ठरेना, तोवर लिक्विड फंडात.

पांथस्थ
आणि बेकायदा पार्किंगही तिथेच. शेअर दुसऱ्याच्या नावावर ठेवायचे, खरा मालक पडद्याआड. आतून बोली असते, की नंतर परत द्यायचे. त्यालाही पार्किंगच म्हणतात, आणि त्याला दंड नुसत्या पावतीचा नसतो.

रानवाट
प्राण्यांत आहे, गंमत नाही. लोरिस, गलागो अशा निशाचर प्राण्यांची आई रात्री खायला शोधायला निघताना पिल्लाला फांदीवर ठेवून जाते. पिल्लू फांदीला घट्ट धरून गप्प राहतं. शास्त्रज्ञ त्याला सरळ "पिल्लू पार्क करणे" असंच म्हणतात. माकडीण पिल्लाला पोटाशी घेऊन हिंडते, ही ठेवून जाते.

शिकाऊ_पाटी
अय्यो. :( आणि परत आली नाही तर?

शब्दकिडा
तुमच्या या प्रश्नात सगळं आलं. तोफा, यान, पैसे, फोन, पिल्लू, या सगळ्यांत समान काय? थांबणं नव्हे, यान तर थांबलेलंच नाही. समान आहे ते "परत येणार" हे गृहीत. परत यायचं नसेल तर त्याला पार्क करणं म्हणत नाहीत, टाकून देणं म्हणतात. गंजून चार टायर बसलेली गाडी कडेला कितीही समांतर असू दे, ती पार्क केलेली नाही.

आळशी_ग्रह
पटलं. आयुष्य संपलेले भूस्थिर उपग्रह सुमारे ३०० किलोमीटर आणखी वर ढकलून देतात. त्या कक्षेला कुणी पार्किंग म्हणत नाही, स्मशान कक्षा म्हणतात.

मागचा_आरसा
कायद्यात परत येण्याची अट नाही हो. तिथे प्रश्न एवढाच, की तुम्ही कशासाठी थांबलात. १९६८ च्या व्हिएन्ना वाहतूक कराराप्रमाणे माणसं किंवा माल चढवण्या-उतरवण्यापुरतं थांबलात तर ते थांबणं. सिग्नल, अडथळा किंवा टक्कर टाळणं, या कारणाने थांबलात तर ते पार्किंग नाही. याखेरीज थांबलात तर पार्किंग. ड्रायव्हर आत बसलाय आणि इंजिन चालू आहे, म्हणून सुटका नाही. "मी गाडीतच आहे ना" हे जगातलं सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात निरुपयोगी वाक्य.

काटकोन
मग शब्दकिडांची व्याख्या शब्दाची आणि तुमची पावतीची. दोन्ही राहू द्या.

हवालदिल
फुटबॉलवाले कुठे गेले? बस पार्क करणे राहिलं की. २००४ मध्ये चेल्सीचा प्रशिक्षक मोरिन्यो वैतागला होता, टॉटनहॅमने अख्खा संघ बचावात उतरवून सामना शून्य-शून्य सोडवला म्हणून. गोलसमोर बस आणून ठेवली, अशा अर्थाचं तो बोलला आणि शब्द रूढ झाला. आता शब्दकिडांना प्रश्न, ती बस गोलरेषेला समांतर की काटकोनात?

शब्दकिडा
समांतर. पण खेळणाऱ्याला आडवी. कालचं भांडण मिटलं बघा, गाडी एकाच वेळी समांतर आणि आडवी असू शकते.

शिकाऊ_पाटी
मंडळी, आज लावली! दोन गाड्यांच्या मधे, कडेला, तिसऱ्या प्रयत्नात. पहिल्यांदा मागचं टायर कडेवर चढलं (आरसा, ४५ पेक्षा जास्तच वळली होती), दुसऱ्यांदा अर्धी बाहेर राहिली, तिसऱ्यांदा कडेपासून वीतभर. काकांनी या वेळी हात कपाळाला नाही, खिशात घातला. त्यांना विचारलं, "काका, आता ही कशाला समांतर?" ते म्हणाले, "दार उघडून खाली बघा." बघितलं. कड आणि टायर, मधे सारखी पट्टी.

आता अडचण अशी, की मी लिहीपर्यंत पुढची गाडी जाऊन दुसरी आली आणि फारच खेटून लागली. काका हसत फुटपाथवर उभे आहेत. बाहेर कशी काढू?

काटकोन
मागच्या गाडीला जवळजवळ टेकेपर्यंत मागे जा. मग चाक पूर्ण रस्त्याकडे फिरवा आणि हळू पुढे. तुमचा पुढचा कोपरा तिच्या मागच्या कोपऱ्याला चुकवून गेला की सुटलात. ब्लॅकबर्नचं सूत्र मुळात यावरूनच निघतं, आत जाणं म्हणजे बाहेर पडणं उलट्या क्रमाने. नाही चुकत असं दिसलं तर चाक उलटं फिरवून परत मागे, आणि पुन्हा पुढे. नेल्सन म्हणतो जमतं.

शिकाऊ_पाटी
पाच वेळा पुढे, चार वेळा मागे. निघाली.

जागा पटकन दुसऱ्याने घेतली. तोंडाने शिरला आणि शेपूट रस्त्यावर.